जुन्या एक्स्पीवरचे डीटीपीचे काम नव्या संगणकात व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवण्याविषयी

अक्षरजुळणी_दारव्हा

नमस्कार. दारव्हा तालुक्यातील एका गावात माझे डीटीपी आणि छपाईचे लहानसे दुकान आहे. लग्नपत्रिका, ग्रामपंचायतीची पावती-पुस्तके, शाळांची प्रगतिपत्रके आणि निवडणूक आली की उमेदवारांची पत्रके, ही कामे मी गेली वीस वर्षे विंडोज एक्स्पी, पानांची जुळणी करायचे पेजमेकर ७ हे सॉफ्टवेअर आणि एक मराठी फॉन्ट पॅकेज यांच्यावर करत आलो आहे. ते पॅकेज यूएसबीचे लॉक (संगणकाला लावायची परवान्याची किल्ली) लावल्याशिवाय उघडत नाही. यंदाच्या मे महिन्याच्या उन्हात जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगले आणि तो कायमचा बंद पडला. हार्ड डिस्क मात्र शाबूत आहे.

अमरावतीहून मी एक वापरलेला डेस्कटॉप आणला. त्यात चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि २४० जीबीची एसएसडी आहे. त्यावर विंडोज १० होते, परंतु त्याचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा लागतो, त्यामुळे तोही मार्ग बंद झाला. शेवटी भाच्याने लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत यंत्रणा) बसवून दिले. पत्रव्यवहार आणि ऑनलाइन अर्ज यांसाठी ते उत्तम चालते, पण पेजमेकरचे काय करायचे हा प्रश्न तसाच राहिला. व्हर्च्युअल मशीनमध्ये एक्स्पी चालवावे असे भाचा म्हणतो. लॉक त्यात चालेल का, छपाई कशी होईल आणि आमच्याकडील विजेच्या लपंडावात ते टिकेल का, हे मला लगीनसराई अंगावर येण्यापूर्वी समजून घ्यायचे आहे.

कोरडवाहू

काका, भाच्याचा सल्ला योग्य आहे. व्हर्च्युअल मशीन म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक असतो. त्याची हार्ड डिस्क ही प्रत्यक्षात तुमच्या एसएसडीवरची एक मोठी फाइल असते, त्याचे नेटवर्क कार्ड आणि स्क्रीन कार्ड हा केवळ देखावा असतो, परंतु एक्स्पीला आपण खऱ्याच संगणकावर बसलो आहोत असे वाटते. बाहेरच्या यंत्रणेला यजमान आणि आतल्या यंत्रणेला पाहुणा म्हणण्याची पद्धत आहे. यजमानाची भाकरी किती आणि पाहुण्याला वाढायची किती, एवढा हिशेब नीट जमला की अर्धे काम झाले.

ही कल्पना नवी नाही. आयबीएमने मोठ्या संगणकांसाठी व्हीएम/३७० ही यंत्रणा १९७२ मध्येच बाजारात आणली होती. घरगुती प्रोसेसरमध्ये मात्र यासाठीची खास सोय २००५ मध्ये इंटेलने आणि २००६ मध्ये एएमडीने दिली. तुमच्या प्रोसेसरमध्ये ती आहे, पण वापरलेल्या संगणकांच्या बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ मांडणीत) ती बऱ्याचदा बंद ठेवलेली असते. इंटेलमध्ये ‘व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’ आणि एएमडीमध्ये ‘एसव्हीएम मोड’ अशा नावाने ती शोधा, चालू करा, आणि संगणक पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा.

व्हर्च्युअलबॉक्स हे सॉफ्टवेअर तुमच्या कामाला पुरेल. एक्स्पीला १ जीबी रॅम, प्रोसेसरचा एकच कोअर आणि २० जीबीची वाढती डिस्क द्या. वाढती म्हणजे २० जीबी जागा एकदम अडत नाही, आत जसजसे भरेल तसतशी फाइल मोठी होत जाते. एकापेक्षा जास्त कोअर देण्याचा मोह टाळा, कारण पेजमेकरला त्याचा काही उपयोग नाही.

अक्षरजुळणी_दारव्हा

आपल्या सूचनेप्रमाणे बायोसमधील सोय चालू केली. तरीही पहिला प्रयत्न फसला. मशीन सुरू करताच ‘व्हीएमएक्स रूट मोड’ असे काहीतरी सांगणारी चूक दिसली. भाच्याने फोनवरून एक आज्ञा द्यायला लावली आणि ती नाहीशी झाली, परंतु संगणक पुन्हा सुरू केला की ती परत येते.

त्यानंतर एक्स्पीची सीडी चालली. निळ्या पडद्यावर सगळे ड्रायव्हर भरले गेले, आणि शेवटी या संगणकात एकही हार्ड डिस्क सापडली नाही असा संदेश येऊन गाडी थांबली. डिस्कची २० जीबीची फाइल तर मला समोर फोल्डरमध्ये दिसत आहे.

कोरडवाहू

पहिली चूक यजमानाकडची आहे. लिनक्सच्या कर्नेलमध्ये, म्हणजे गाभ्यात, २००७ पासून केव्हीएम नावाची स्वतःची व्हर्च्युअलायझेशनची सोय आहे. कर्नेल ६.१२ पासून केव्हीएमचे मॉड्युल (गाभ्याला जोडला जाणारा भाग) भरले गेले की ते प्रोसेसरची ती खास सोय लगेच स्वतःकडे घेते आणि व्हर्च्युअलबॉक्सच्या हाती काही उरत नाही. भाच्याने ते मॉड्युल उतरवायला लावले असणार. ते कायमचे हवे असेल तर केव्हीएमचे इंटेल मॉड्युल भरलेच जाऊ नये अशी नोंद मॉडप्रोबच्या (मॉड्युल भरणाऱ्या आज्ञेच्या) काळ्या यादीत करा. (व्हर्च्युअलबॉक्स सोडून थेट केव्हीएमच वापरता आले असते. माझे स्वतःचे मत त्याच बाजूचे आहे, पण लॉक आणि सामायिक फोल्डर यांची मांडणी व्हर्च्युअलबॉक्समध्ये माऊसने होते आणि दुकान चालवणाऱ्याला ते बरे पडते.)

दुसरी अडचण अशी की मशीन तयार करताना तुम्ही प्रकार ‘विंडोज एक्स्पी ३२ बिट’ असा निवडला नसावा. त्यामुळे डिस्क साटा या नव्या पद्धतीच्या कंट्रोलरवर (डिस्क जोडणाऱ्या भागावर) जोडली गेली. एक्स्पी २००१ सालचे आहे आणि त्याच्या मूळ सीडीत या प्रकारच्या साटाचा ड्रायव्हर नाही. ‘स्टोरेज’मध्ये जाऊन ती डिस्क साटावरून काढा आणि आयडीई या जुन्या पद्धतीच्या कंट्रोलरवर लावा. नेटवर्क कार्डातही ‘पीसीनेट फास्ट थ्री’ किंवा ‘इंटेल प्रो/१००० टी सर्व्हर’ निवडा, कारण ही दोन कार्डे एक्स्पी स्वतःहून ओळखते.

पळसबन

मी आर्वीकडे संगणक आणि यूपीएस दुरुस्तीचे काम करतो. काकांची जुनी डिस्क शाबूत असल्याने एक सांगावेसे वाटते. यूएसबीच्या अडॅप्टरने ती डिस्क मिंटला जोडून तिची ‘डीडी’ या आज्ञेने जशीच्या तशी प्रतिमा काढता येते, आणि व्हर्च्युअलबॉक्सच्या आज्ञेने त्या प्रतिमेची व्हर्च्युअल डिस्क करता येते. मी एका कृषी सेवा केंद्रासाठी तसे केले होते. पण बदललेला कंट्रोलर पाहून एक्स्पीने शून्य-एक्स-सात-बी हा निळा पडदा दाखवला, रजिस्ट्रीतील (विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीतील) आयडीईच्या नोंदी दुरुस्त करण्यात माझा एक रविवार गेला, आणि एवढे करून हार्डवेअर बदलल्यामुळे विंडोजने पुन्हा सक्रियता (परवान्याची पडताळणी) मागितली ती वेगळीच. तुमच्याकडे पेजमेकरची आणि फॉन्टची सीडी असेल तर एक्स्पी नव्याने बसवा आणि डिस्कवरून फक्त मॅटर, म्हणजे जुळवलेल्या मजकुराच्या फाइली, उचला. डिस्कची प्रतिमा मात्र आजच काढून ठेवा. ती डिस्क पंधरा वर्षांची असेल तर तिचा भरवसा धरू नका.

लॉकविषयी. यूएसबीचे लॉक असेल तर आशा आहे. मिंटवर तुमचे खाते ‘व्हीबॉक्सयूजर्स’ या गटात असले पाहिजे, नाहीतर व्हर्च्युअलबॉक्सला एकही यूएसबी वस्तू दिसत नाही. गटात नाव घातल्यावर एकदा लॉगआउट व्हावे लागते, आणि हे सांगायचे लोक नेमके विसरतात. मशीनच्या मांडणीत यूएसबी २.० निवडा, कारण ३.० चा ड्रायव्हर एक्स्पीत नाही. मग लॉक लावून त्याचा फिल्टर (ही यूएसबी वस्तू पाहुण्याला द्यावी अशी नोंद) तयार करा, म्हणजे मशीन सुरू होताच लॉक आपोआप आत जाईल.

ज्यांच्याकडे प्रिंटरच्या पंचवीस पिनांच्या पोर्टचे जुने लॉक आहे त्यांनी बाजारात मिळणारी यूएसबी-ते-पॅरलल वायर घेऊ नये. ती वायर पलीकडे केवळ प्रिंटर आहे असे धरून चालते आणि लॉकला हवे असलेले पिनांचे संकेत ती पोहोचवतच नाही. माझ्या कपाटात अशा तीन वायरी पडून आहेत.

जुनाजाणता

एक मुद्दा कोणी काढला नाही, तो परवान्याचा. संगणकासोबत आलेली विंडोजची प्रत त्या संगणकाशीच बांधलेली असते आणि संगणक मेला की परवानाही गेला. स्वतंत्रपणे विकत घेतलेली खोकेबंद प्रत एका संगणकावरून काढून दुसऱ्यावर लावता येते, आणि व्हर्च्युअल मशीन हाही एक संगणकच धरला जातो. विंडोज ७ च्या प्रोफेशनल आवृत्तीसोबत २००९ मध्ये ‘एक्स्पी मोड’ नावाने एक परवानाधारक एक्स्पी व्हर्च्युअल मशीनच्या रूपात मिळत होते, परंतु ते त्या विंडोज ७ वरच वापरायचे होते. एक्स्पी बसवल्यापासून ३० दिवसांत सक्रिय करावे लागते. ती पायरी आधी पार पाडा, मग मॅटर आत न्या. ऐन लगीनसराईत एकतिसावा दिवस उजाडायला नको.

दुसरे म्हणजे, एक्स्पीची सुरक्षा-अद्यतने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तेव्हा मायक्रोसॉफ्टने अपवाद म्हणून एक्स्पीसाठी दुरुस्ती काढली होती, पण तो अपवादच होता. त्यामुळे मांडणीत नेटवर्कचा अडॅप्टर चालू ठेवण्याची गरज काय, हा प्रश्न स्वतःला विचारा. पत्रिका जुळवायला इंटरनेट लागत नाही.

अक्षरजुळणी_दारव्हा

माझ्याकडे २००६ साली घेतलेली खोकेबंद प्रत पावतीसह आहे, म्हणून परवान्याची चिंता मिटली. डिस्क आयडीईवर लावताच स्थापना सुरळीत झाली. सुरुवातीला पडदा चिमुकला होता आणि माऊस आत अडकत होता. व्हर्च्युअलबॉक्सचे पाहुण्याच्या आत बसवायचे जोडसॉफ्टवेअर, म्हणजे ‘गेस्ट अॅडिशन्स’ बसवल्यावर पडदा खिडकीएवढा झाला आणि सामायिक फोल्डरही दिसू लागले. नेटवर्कचा अडॅप्टर काढून टाकला आहे.

लॉकने मात्र दोन दिवस घेतले. गटात नाव होते, फिल्टरही होता, मिंटच्या यादीत लॉक दिसत होते, तरी पॅकेज ‘लॉक सापडले नाही’ असेच म्हणे. शेवटी लक्षात आले की लॉकचा ड्रायव्हर पॅकेजच्या सीडीतील एका वेगळ्या फोल्डरमध्ये होता. तो आधी बसवायचा, मग मशीन पूर्ण बंद करायचे आणि त्यानंतर लॉक लावायचे. मी उलट क्रमाने करत होतो. क्रम सुधारल्यावर लॉकवरचा हिरवा दिवा लागला आणि २००९ सालची एक पत्रिका उघडली. वधूपिता, वरपिता, ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’, खालची आप्तेष्टांची यादी, सगळे जागच्या जागी होते. तीच फाइल फॉन्टशिवाय उघडली असता रोमन अक्षरे आणि चित्रविचित्र खुणांचा नुसता चिवडा दिसतो, हे सोबतच्या तरुण मंडळींना माहीत नसेल म्हणून सांगितले.

मोहफूल

मी सिंदेवाहीजवळ ऑनलाइन अर्जांचे केंद्र चालवते. हिशेबाच्या एका जुन्या प्रणालीसाठी मी विंडोज ११ वर व्हर्च्युअलबॉक्स घेऊन त्यात विंडोज ७ ठेवले आहे. माझ्याकडे खिडकीच्या खालच्या पट्टीत एक हिरवे कासव दिसते आणि सगळे खरोखरच कासवाच्या गतीने चालते. हे कशामुळे होते?

माझी एक चूकही सांगून ठेवते, म्हणजे काकांची तरी टळेल. काही नवे बसवण्याआधी मी प्रत्येक वेळी स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची नोंद) घेत गेले. वर्षभरात डिस्क भरली, तेव्हा स्नॅपशॉटच्या फोल्डरमधील जुन्या तारखांच्या मोठ्या फाइली मी हाताने पुसून टाकल्या. दुसऱ्या दिवशी मशीन उघडेना. दोन महिन्यांच्या नोंदी कागदावरून पुन्हा भराव्या लागल्या.

कोरडवाहू

ताई, ते कासव व्हर्च्युअलबॉक्सनेच दाखवलेली खूण आहे. विंडोजची स्वतःची हायपर-व्ही ही यंत्रणा चालू असली की प्रोसेसरची खास सोय तिच्या ताब्यात राहते आणि व्हर्च्युअलबॉक्सला तिच्यामार्फत लांबच्या वाटेने जावे लागते. हायपर-व्ही तुम्ही चालू केले नसेल तरी विंडोज ११ मधील ‘मेमरी इंटिग्रिटी’ ही सुरक्षेची सोय तिचाच आधार घेते. ती बंद केल्यास वेग वाढू शकतो, पण ज्या संगणकावर लोकांचे आधार आणि बँकेचे तपशील भरले जातात त्यावर ती बंद करावी असे मी म्हणणार नाही. कासव राहू द्या.

स्नॅपशॉटची फसवणूक अनेकांची होते, कारण नावावरून ती पूर्ण प्रत वाटते. प्रत्यक्षात स्नॅपशॉट घेतला की मूळ डिस्क गोठते आणि त्यानंतरचे फक्त बदल नव्या फाइलीत लिहिले जातात. पुढचा स्नॅपशॉट घेतला की त्या बदलांवरचे बदल तिसऱ्या फाइलीत जातात. ही साखळी आहे, त्यामुळे मधली कडी काढली की पुढचे सगळे निरर्थक होते. स्नॅपशॉट पुसायचा तो व्हर्च्युअलबॉक्सच्या आतूनच, म्हणजे ते बदल डिस्कमध्ये मिसळून घेतले जातात. बॅकअप हवा असेल तर मशीन पूर्ण बंद करून त्याचे संपूर्ण फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवा.

पळसबन

वीज जाण्याचा प्रश्न राहिला. आपल्या भागात लाइन गेल्यापेक्षा ती क्षणभर झपकन जाऊन येते तेव्हा नुकसान जास्त होते. व्हर्च्युअल मशीनमध्ये एक वाढीव धोका आहे आणि तो नेमका काकांच्या मांडणीत आहे. व्हर्च्युअलबॉक्समध्ये आयडीई कंट्रोलरवर ‘होस्ट आय/ओ कॅश’ हा पर्याय मुळातच चालू असतो. म्हणजे एक्स्पीला फाइल डिस्कवर लिहिली गेली असे वाटते, परंतु ती काही वेळ मिंटच्या रॅममध्येच थांबलेली असते. त्या क्षणी वीज गेली तर तुम्ही ‘सेव्ह’ केलेली पत्रिका तर जातेच, आतली फाइलव्यवस्थाही बिघडू शकते. ‘स्टोरेज’मध्ये आयडीईवर क्लिक केले की उजवीकडे ती खूण दिसेल, ती काढून टाका. लिहिण्याचा वेग थोडा कमी होईल, पण पेजमेकरच्या फाइली अशा किती मोठ्या असतात?

घरचा इन्व्हर्टर वेगळा आणि संगणकाचा यूपीएस वेगळा. साध्या इन्व्हर्टरला बदलीसाठी लागणारा क्षण डेस्कटॉपला सोसेलच असे नाही. लहान यूपीएस घ्या, आणि तो टीं-टीं करू लागला की मशीनची खिडकी बंद करून ‘सेव्ह द मशीन स्टेट’ निवडा. १ जीबी रॅम एसएसडीवर उतरायला फार वेळ लागत नाही, आणि वीज आल्यावर कर्सर होता त्याच ओळीवर सापडतो. खऱ्या एक्स्पीपेक्षा ही सोय मला जास्त आवडते.

अक्षरजुळणी_दारव्हा

कॅशची खूण काढली आणि यूपीएसही आणला. आता प्रश्न छपाईचा आहे. माझ्या नव्या लेझर प्रिंटरचा एक्स्पीसाठी ड्रायव्हरच नाही.

कोरडवाहू

प्रिंटर आत नेऊच नका. एक्स्पीमध्ये कोणताही एक पोस्टस्क्रिप्ट (पानाचे वर्णन करणारी छपाईची भाषा) प्रिंटर जोडा आणि त्याचे पोर्ट ‘फाइल’ असे ठेवा. पेजमेकरमधून छपाई दिली की कागदाऐवजी पोस्टस्क्रिप्टची फाइल तयार होईल. ती सामायिक फोल्डरमध्ये टाका आणि मिंटवर घोस्टस्क्रिप्ट या सॉफ्टवेअरच्या ‘पीएस-टू-पीडीएफ’ या आज्ञेने तिची पीडीएफ करा. फॉन्टचे आकार पीडीएफमध्येच बंदिस्त होतात, त्यामुळे पुढे ती फाइल कोणत्याही संगणकावर किंवा प्रेसकडे तशीच उमटते. पहिल्या वेळी पीडीएफच्या माहितीत जाऊन सगळे फॉन्ट आत आले आहेत याची खात्री करा. मूळ पेजमेकर फाइल मात्र आतच सेव्ह करून मग बाहेर प्रत काढा. सामायिक फोल्डरमधील फाइल थेट उघडून तिच्यावर काम करू नका.

जुनाजाणता

हे सगळे ठीक आहे, परंतु माझ्या मते ही मलमपट्टी आहे. लॉक उद्या मेले तर? मॅटर युनिकोडमध्ये (कोणत्याही एका फॉन्टवर न अडणाऱ्या सर्वमान्य अक्षरसंकेतात) आणणे हाच खरा उपाय आहे. स्क्रायबस हे पानांच्या जुळणीचे मोफत सॉफ्टवेअर आहे, त्याची १.६ ही स्थिर आवृत्ती जानेवारी २०२४ मध्ये आली आणि त्यात देवनागरीची जोडाक्षरे नीट जुळतात. मिंटवर ते सरळ चालते.

अक्षरजुळणी_दारव्हा

आपले म्हणणे मला मान्य आहे आणि नवीन कामे मी स्क्रायबसमध्ये सुरू केली आहेत. परंतु जुन्या फॉन्टमधील मजकूर रूपांतरित करण्याचा अनुभव सांगतो. तीन रूपांतरके वापरून पाहिली. बहुतेक मजकूर बरा उतरला, पण ‘वऱ्हाडी मंडळी’ या शब्दांतील ऱ्ह प्रत्येकाने मोडला. जुन्या फॉन्टमध्ये तो अर्धा र एक स्वतंत्र चिन्ह म्हणून बसवलेला असतो, आणि रूपांतरक त्याला साधा र समजून पुढच्या ह वर रफार चढवतो. मग ‘वर्हाडी’ असे काहीतरी दिसते. पुण्याच्या पत्रिकेत हा शब्द कदाचित दोन वेळा येत असेल, आमच्याकडे तो आल्याशिवाय पत्रिकाच होत नाही. ‘कुऱ्हा’ आणि ‘ऱ्हस्व’ यांचेही तेच. यादी करून शोधा-बदला चालवतो आहे. प्रत्येक जुने मॅटर पुन्हा वाचल्याशिवाय छापता येत नाही, आणि वीस वर्षांचे मॅटर या हंगामात वाचून होणार नाही. पावती-पुस्तके दरवर्षी त्याच साच्यात छापायची असतात, ती तूर्त एक्स्पीतूनच निघतील.

काल पहिले खरे काम केले, चारशे पत्रिकांचे. जुळणी आत केली, पीडीएफ बाहेर काढली आणि फाइल यवतमाळच्या प्रेसला पाठवली. पूर्वी मी सीडीवर पेजमेकरची फाइल आणि सोबत फॉन्ट नेऊन देत असे, ती फेरी वाचली. दुपारी दोनदा लाइन गेली, पण काम अडले नाही.

आता एकच बारीक अडचण आहे. लॉक संगणकाच्या पुढच्या बाजूला बाहेर आलेले असते आणि दुकानात येणाऱ्या पोरांचा त्याला धक्का लागतो. ते निघाले की पॅकेज तिथल्या तिथे बंद होते.

पळसबन

मागच्या बाजूच्या काळ्या, म्हणजे यूएसबी २.० च्या पोर्टला एक वीतभर लांबीची एक्स्टेन्शन वायर लावा, लॉक तिच्या टोकाला जोडा आणि ते कॅबिनेटच्या मागे चिकटपट्टीने बसवून टाका. फिल्टर लॉकच्या ओळख-क्रमांकावर चालतो, पोर्टवर नाही, त्यामुळे मांडणीत काही बदलावे लागणार नाही. फक्त मशीन बंद असताना हलवा.